सासूबाईंनी भात सोडला

आमच्या वाडीत दारू सोडलेली माणसं होती, तंबाखू सोडलेली होती, मुंबईची कायमची नोकरी सोडून माडाखाली येऊन बसलेला एक जणही होता. पण भात सोडलेलं माणूस कोणी पाहिलं नव्हतं. माझ्या सासूबाईंनी तो सोडला तेव्हा लोक त्यांना बघायला आले. खरंच आले. कुणी विरजण मागायच्या निमित्ताने, कुणी सूप मागायच्या निमित्ताने. यायचं, ओट्यावर बसायचं आणि जेवणाची पानं मांडली जाईपर्यंत उठायचंच नाही.

ही एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मालवणपासून थोडं दूर, खाडीच्या काठाला आमचं घर. मी कुडाळकडची, शेतकऱ्याची मुलगी, सातवी पास आणि जिभेने तिखट. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती. नवरा मुंबईत गिरणीच्या हापिसात, त्यामुळे घरात माणसं तीनच. सासरे, सासूबाई आणि मी. सासरे माडांचं बघायचे, थोडी भातशेती करायचे आणि अगदीच गरज पडली तर बोलायचे. सासूबाईंशी तर थेट बोलायचेच नाहीत. तेव्हाची ती रीतच होती. त्या हातभर अंतरावर बसलेल्या असल्या तरी सासरे मला सांगायचे, "तिका इचार, नारळ किती होये," आणि त्याही माझ्याकडेच बघून उत्तर द्यायच्या. एकमेकांचं नाव घेणं नाही, चारचौघांत जवळ बसणं नाही, हाताला हात लावणं तर दूरच. मी आपली मधली तारयंत्रवाली.

सासूबाई अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या. गोऱ्या, मोठ्या आवाजाच्या, आणि बसल्या की उठताना "आई माऊली" म्हणून खांब धरणाऱ्या. एका सुकतीला, म्हणजे ओहोटीला, त्या वाडीतल्या बायकांबरोबर खाडीत कालवं काढायला गेल्या आणि शिंप पायाच्या अंगठ्याला लागली. खाडीकाठच्या बाईला शिंप लागायची काय नवलाई? हळद लावली, विसरून गेल्या. पण ती जखम त्यांना विसरेना. हळद झाली, कोरफड झाली, कुणी सांगितलेले पाले वाटून झाले. वरून सुकायची आणि आतून पाझरायची. पाऊस आला आणि गेला, गणपती आले आणि गेले, जखम होती तिथेच.

शेवटी बैलगाडीत घालून त्यांना मालवणला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, सासूबाईंच्या लघवीचे थेंब त्यात सोडले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मी बाजूलाच उभी होते. निळं होतं ते हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं, आणि बघता बघता विटेसारखं लाल होऊन खाली गाळ बसला. माझ्या अंगावर काटा आला. माणसाच्या आत, जिथे कुणाची नजर पोचत नाही तिथे काय चाललंय, ते बाहेर रंगात दिसतं! मी देवळात जशी उभी राहते तशीच त्या टेबलापाशी उभी राहिले होते.

"मधुमेह आहे," डॉक्टर म्हणाले. "जखम त्यामुळेच भरत नाही. अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल. आणि अंगठ्यावर थांबेल असंही मी सांगू शकत नाही."

त्यांनी सकाळ-संध्याकाळ घ्यायची पांढरी गोळी दिली, गोड बंद केलं, वजन उतरवा म्हणाले. मी इतके प्रश्न विचारले की ते कंटाळून हसले. "तुम्हीच घ्या ही नळी आणि निळ्या औषधाची बाटली. घरी तपासत जा." मला एवढा मान माहेरी सातवी पास झाल्यावरही मिळाला नव्हता. परतताना गाडीत बाटली मांडीवर धरून मी बसले होते. खड्ड्यात चाक गेलं की सासूबाई अंगठा सांभाळायच्या आणि मी बाटली.

सासूबाईंनी कमी खायचं ठरवलं. म्हणजे ताटात भाताचा डोंगर असायचा त्याची टेकडी केली. गोळीने नळी विटकरीची पिवळी झाली, पण पिवळ्याच्या पुढे काही सरकेना. अंगठ्याभोवतीची कातडी काळी पडायला लागली. त्या बोलून दाखवत नव्हत्या, पण पाय धुताना तो अंगठा त्या दोन बोटांत धरून बघत बसायच्या, लांबच्या गावी निघालेल्या नातेवाइकाकडे बघावं तसं. मला ते बघवत नसे.

दिवाळीनंतर धाकटा दीर आला. तो परदेशी जाणाऱ्या बोटीवर होता, भटारखान्यात. गेल्या खेपेला आला होता तेव्हा त्याचं पोट त्याच्या आधी दारात शिरलं होतं. या खेपेला मालवण बंदरात उतरून चालत आलेला माणूस सासऱ्यांनी ओळखलाच नाही. त्यांना वाटलं, कुणीतरी टपालवाला. पोट सपाट, गाल आत, चाल हलकी. त्याला विचारलं, आजारी होतास का रे? तर म्हणे, जन्मात इतका ठीक नव्हतो.

बोटीवरचे गोरे प्रवासी आता असंच जेवतात, म्हणे. त्यांच्याकडे ही नवी टूम निघाली होती, आणि प्रत्येक फेरीला चार नवे लोक तेच मागायचे. रात्री जेवणं झाल्यावर त्याने आईला सगळं समजावलं.

"आये, भात, भाकरी, साखर, गूळ, बटाटो, केळा, ह्या सगळा बंद. बाकी पोटभर खा. माशे खा, मटण खा, अंडी खा, खोबरा खा. उपाशी रवाचा नाय. वजन आपसूक उतारता. आणि साखर खाल्लीच नाय तर लघवीत येतली खंयसून?"

"भात सगळो बंद?"

"सगळो."

"वायच? थोडो तरी?"

"नाय गो."

"मगे पेज घेतलंय."

"आये, पेज म्हणजे भातच ना!"

सासूबाई थक्क होऊन त्याच्याकडे बघत राहिल्या. जन्मभर रोज सकाळी वाडगाभर पेज पिऊन "अजून काय खावक नाय" म्हणणारी बाई ती. पेज म्हणजे भात, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

सासरे ओट्यावर सुपारी कातरत होते. ते मला म्हणाले, "तिका सांग. मेलेल्याक सुदिक पिंड भाताचो लागता. ही जिती आसान भात सोडतली?"

सासूबाई मला म्हणाल्या, "तेंका सांग, पिंड तेंच्याच हातान लवकर घालूक लागतलो, असा अंगठो ऱ्हवलो तर."

सासऱ्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मला निरोप पोचवायची गरज पडली नाही.

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. सासूबाई म्हणाल्या, "दाक्तर नको म्हणतलो. मगे काय करतलंस?" डॉक्टर नको म्हणाले असते तर गोरे लोक म्हणतात आणि समोर धडधाकट मुलगा उभा आहे त्याचं काय? हो म्हणाले असते तर ठीकच. मग जिला विचारून जन्मभर सगळं केलं तिलाच विचारायचं ठरलं. घर बांधताना, मुलं मुंबईला धाडताना, सून निवडताना जिथे कौल लावला होता तिथेच, ग्रामदेवीच्या पायाशी.

मी कौल लावून निवडलेली सून, म्हणून मला त्या कौलाबद्दल आदर होताच. पण असा कौल मी पहिल्यांदाच बघत होते. गुरवाने पाषाणाला आंघोळ घातली, ओल्या अंगावर उजवीकडे-डावीकडे भिजवलेले तांदळाचे दाणे चिकटवले आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "माये, ह्या तुझ्या लेकरान आजारापायी भात सोडूचो मनात धरल्यान हा. तेचा बरा होतला आसात तर उजवो कौल दी, वायट होतला आसात तर डावो दी." आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणालो आणि श्वास धरून उभे राहिलो. भात सोडू का, असं विचारायचं आणि उत्तर द्यायचं तांदळाने! दुसऱ्या वेळी मला हसू फुटलं असतं. त्या वेळी नाही फुटलं. गाभाऱ्यात वारा नव्हता, दिव्याची ज्योत हालत नव्हती. सगळे दाणे आपापल्या जागी होते. आणि त्यातला एक, उजव्या खांद्यावरचा, कुणी बोटाने टिचकी मारावी तसा सुटला आणि खाली पडला.

सासूबाईंनी तिथेच डोळे पुसले. दुसऱ्या दिवसापासून भात बंद.

आमच्याकडे भाताशिवाय जेवायचं म्हणजे काय, हे दुसऱ्या मुलखातल्या माणसाला सांगून कळणार नाही. बांगड्याची आमटी होती, तिसऱ्यांचं सुकं होतं, तळलेली सुरमई होती, सोलकढी होती. राजाचं जेवण! पण नवरदेवाशिवाय वरात निघावी तसं ते ताट दिसायचं. आमटी कालवायची कशात? सासूबाईंनी ती वाटीने प्यायला सुरुवात केली. दर घोटाला शेजारची काकी ओट्यावरून विचारायची, "जाता गो पोटात?" ही काकी म्हणजे आमच्या वाडीची मोठी मान्यवर बाई. बाळंतपणापासून तेराव्यापर्यंत कुठल्याही घरात तिच्यावाचून पान हलायचं नाही.

पहिले काही दिवस वाईट गेले. सासूबाईंचं डोकं दुखायचं, पायांत गोळे यायचे, आणि त्यांच्या रागाला तर धरबंद राहिला नाही. एकदा कावळ्यालाही शिव्या घातल्या, कारण तो अंगणात सांडलेला भात खात होता. त्यांच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास यायला लागला. मी दिराला विचारलं तर म्हणाला, "माका पण येय होतो. ता चरबी जळता तेचो वास." मी चकित झाले. माणूस आत जळतो आणि बाहेर फळाचा वास येतो!

मग हळूहळू सगळं पालटलं. मनगटात रुतलेल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे जायला लागल्या. चोळीची गाठ सैल पडली. बसल्यावर उठताना खांब लागेना. नळी पिवळ्यावरून हिरव्यावर आली. मी ती चुलीपाशी निखाऱ्यावर धरायची, सासूबाई मागे उभ्या, आणि दोघींनी एकमेकींशी बोलायचं नाही असा आमचा नेमच झाला होता. एका सकाळी नळीतलं पाणी उकळलं, फसफसलं आणि निळंच राहिलं. मी आणखी धरली. निळंच. आकाश उतरून त्या काचेत बसलं होतं. सासूबाईंनी हात जोडले, मीही जोडले. आणि अंगठा! कडेने गुलाबी कातडी येत होती. नव्या बाळाची असते तशी. जी जखम गावातल्या सगळ्या पाल्यांनी भरली नाही, ती सुरमईने आणि खोबऱ्याने भरत होती. मी आयुष्यात फार चमत्कार पाहिलेले नाहीत, पण तो पाहिला.

दीर सुट्टी संपवून मुंबईला नव्या बोटीवर रुजू व्हायला गेला. जाताना आईला म्हणाला, आता डॉक्टरकडे कशाला धावायचं? आम्हालाही ते पटलं. देवीने हो म्हटलं होतं, नळी निळी होती, अंगठा डोळ्यांसमोर भरत होता. तीन-तीन साक्षीदार असताना चौथ्याला विचारतो कोण? गोळ्या संपल्या की गड्याला पाठवून मागवायच्या, एवढाच डॉक्टरांशी संबंध उरला.

जत्रा जवळ आली. देवळात ढोल वाजायला लागले. जत्रेच्या आधीचा सोमवार उजाडला आणि सासूबाईंनी सांगितलं, आज कडक उपास. अंगठा वाचवला म्हणून देवीसाठी.

आता सोमवारी आमच्याकडे मासळी शिजत नाही. एरवी सोमवारी भात आणि डाळ व्हायची. भात दिराने काढलेला, मासळी सोमवाराने काढलेली. आधीचे सोमवार सासूबाईंनी ताक, खोबरं आणि पालेभाजीवर काढले होते आणि दुपारी घाम घाम होऊन पडल्या होत्या. आम्ही म्हटलं, उकाडा. त्या दिवशी तर त्यांनी ताकही घेतलं नाही. फक्त गोळी घेतली. त्यात आम्हाला काही वावगं दिसलं नाही. औषधाने उपास मोडत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दुपारी वाडीतल्या बायका आमच्या माजघरात जमल्या. ओटीसाठी अबोलीच्या वेण्या करायच्या होत्या. सूपभर फुलं मधे ठेवलेली, आठ-दहा जणींच्या गप्पा-गजाली, लांबून ढोलाचा आवाज. सासूबाई भिंतीला टेकून दोरा ओवत होत्या. मी बघितलं, त्यांच्या हातातून फुलं गळत होती. मी हाक मारली, "आई?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ती नजर माझ्यावर येऊन थांबलीच नाही. मग त्यांचे हात थरथरायला लागले. हातांतून ती थरथर खांद्यांत गेली. कपाळावरून घाम असा ओघळला की कुंकू नाकावर उतरलं. अंबाडा सुटला. आणि कुणाच्याही ओळखीच्या नसलेल्या जाड, घोगऱ्या आवाजात त्या ओरडल्या, "सोडा! सोडा माका!" कुणी धरलेलं नसताना.

काकीने हातातली वेणी खाली टाकली आणि उठून उभी राहिली. "अवसर इलो! देवी इली गो बाये!"

अंगात येणं ज्याने पाहिलं नाही त्याला मी ते काय सांगणार? घरातलं रोजचं माणूस एका क्षणात आपलं उरत नाही. ज्या बाईला मी सकाळी पाणी काढून दिलं होतं ती समोर घुमत होती आणि लांबून ढोल जणू तिच्यासाठीच वाजत होता. आणि का येणार नाही देवी? तिनेच कौल दिला होता, तिनेच अंगठा भरला होता, आज तिच्याचसाठी उपास होता. सगळं कसं जुळत होतं. मी थरारून गेले. बायका मागे सरल्या, मधे जागा केली. कुणी निरंजन लावलं, कुणी लांबूनच पायांवर हळद-कुंकू टाकलं. अवसर आलेल्याला हात लावायचा नसतो. मी गुडघ्यांवर बसले, हात जोडले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. भीतीचं नव्हतं ते. इतकं मोठं काहीतरी आपल्या माजघरात आलं, याचं होतं.

काकीने पदर पसरला. "माये, माझ्या चेडवाची कूस कधी उजवतली? सांग गो माये." तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. सासूबाईंची मान एका बाजूला कलली होती. थरथर कमी होत चालली होती आणि डोळे अर्धे मिटत होते. काकी म्हणाली, "देवी शांत जाता."

तेवढ्यात सासरे आले. माडांवरून नारळ उतरवून घेऊन उन्हातून आले होते. ओट्यावर पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा नाही, हे बघून माजघराच्या दारात उभे राहिले. आत बायकाच बायका. पुरुषमाणूस अशा वेळी दारातूनच परततो. सासऱ्यांनी काकीचं बोलणं ऐकलं, आपल्या बायकोकडे बघितलं, आणि पायातली माती तशीच घेऊन सरळ आत आले.

"खंयची देवी?" ते म्हणाले. "ही माझी बायल आसा."

मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते जमिनीवर बसले आणि त्यांनी सासूबाईंचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं. सगळ्यांच्या देखत. बायकांच्या तोंडून "अगो बाय" निघालं. कुणीतरी म्हणालं, हात लावू नका, कोप होईल.

"होतलो तर माझ्यार होवंदेत," सासरे म्हणाले. त्यांनी सासूबाईंच्या मानेवरून हात फिरवला. "थंड पडली आसा. हिना आज काय खाल्ल्यान?"

मी म्हटलं, "उपास आहे."

"उपाशी आसा ती! गूळ हाड. जा!"

मी धावत जाऊन गूळ आणि पाण्याचा तांब्या आणला. उन्हातून आलेल्या माणसासाठी आमच्याकडे गूळ नेहमीच हाताशी असतो. सासऱ्यांनी खडा मुठीत चुरला, तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि तो ओला गूळ सासूबाईंच्या गालाच्या आत चोळला. पुन्हा चोळला. थेंब थेंब पाणी सोडलं. एका हाताने त्यांची हनुवटी धरलेली, दुसऱ्याने गूळ, आणि तोंडाने पुटपुटत होते, "गिळ. गिळ गो." आणि मग त्यांनी तिचं नाव घेतलं. माझ्या सासूबाईंना त्या नावाने हाक मारणारं कुणी असू शकतं हेच मला माहीत नव्हतं. नाव ऐकून काकीने आपोआप पदर डोक्यावर ओढला.

आधी घोट गेला. मग आणखी एक. ढोल वाजतच होता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. गालावर रंग आला. डोळे उघडले, या वेळी नजर येऊन सासऱ्यांच्या तोंडावर थांबली. सासूबाईंनी आजूबाजूला बघितलं, वाडीतल्या सगळ्या बायका बघितल्या, आपलं डोकं कुठे आहे ते बघितलं, आणि पहिलं काम केलं ते पदर ओढून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मालवणला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि संतापून चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खाणं बदललंत आणि मला सांगितलं नाहीत? गोळी रक्तातली साखर खाली आणते. भात सोडला की तीही खाली येते. दोन्ही चालू ठेवून वर उपास केलात, तर ती खाली कुठे थांबणार होती? आणखी थोडा वेळ गेला असता तर या गेल्या असत्या."

तरी मी म्हटलं, "पण नळी निळी होती."

डॉक्टर एकदम शांत झाले. ते म्हणाले, "निळं म्हणजे लघवीत साखर नाही. रक्तात किती कमी झाली, ते हा रंग सांगू शकत नाही. निळ्याच्या खाली या नळीत रंगच नाही."

ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. आम्ही ज्याला आकाश समजत होतो त्याच्याखाली एवढी खोल दरी होती आणि वरून सगळं सारखंच दिसत होतं.

मी विचारलं, "मग हे भात सोडणं चांगलं की वाईट?" त्यांनी अंगठा हातात घेऊन नीट बघितला. "हे माझ्या गोळीने झालं नव्हतं," ते म्हणाले. "भात कमी केल्याने झालं, हे मला नाकारता येणार नाही. तुमच्या दिराला काही झालं नाही, कारण तो गोळी घेत नव्हता. पण वर्षानुवर्षं असं जेवलं तर पुढे काय होतं, ते मला माहीत नाही. उगाच माहीत आहे म्हणून सांगणार नाही." एवढा शिकलेला माणूस, भिंतभर पुस्तकं, आणि 'माहीत नाही' म्हणाला! मला ते खुजेपण वाटलं नाही. उलट माणसाचं शरीर केवढं मोठं आहे ते त्या दिवशी कळलं.

त्यांनी गोळी अर्धी केली. रोज दोन्ही वेळा एकेक डवली, म्हणजे एकेक डावभर, भात सुरू केला. गोळी घ्यायची त्या दिवशी उपास नाही, आणि काहीही बदललं तर आधी इथे यायचं. सासऱ्यांना ते म्हणाले, तुम्हाला गूळ द्यायचं सुचलं कसं? सासरे ओशाळून म्हणाले, "माका काय कळता? ती उपाशी होती, इतक्याच."

वाडीत कुणी डॉक्टरांचं मानलं नाही. देवी आली होती आणि नवऱ्याने हात लावला म्हणून निघून गेली, असंच काकी शेवटपर्यंत सांगायची. पुढे तिच्या मुलीला मुलगा झाला, मग तर बोलायलाच नको. मीही वाद घातला नाही. काय आलं होतं आणि काय गेलं, हे मी ठामपणे सांगणारी कोण? सासूबाई पुढे पुष्कळ वर्षं जगल्या, अंगठ्यासकट.

मालवणहून परत आलो त्या दुपारी त्या माजघरात आडव्या झाल्या होत्या. अबोलीची फुलं तिथेच सुकून पडली होती, ती मी गोळा करत होते. मला वाटलं, झोपल्यात. तर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माका सगळा दिसत होता गो."

मी हातातली फुलं तशीच धरून त्यांच्याकडे बघितलं.

"आवाज भायर येय नाय होतो. तुमी सगळी हात जोडून बसल्यात. माका वाटत होता, मी मरतंय आणि ही माणसा माझ्या पाया पडतत. इतक्याच मनात होता, हात जोडूचे सोडून कोणीतरी माका हात लावूक होयो."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. तो गरम होता.